खानदेशातून दीर्घिका कशी बघावी, आणि बघून झाल्यावर तिच्याकडून काय काय काढून घ्यावं

रब्बीत रात्रीची लाईट असली की गव्हाला पाणी भरायला रात्रीच जावं लागतं. नोव्हेंबरातल्या अशाच एका रात्री बांधावर उभं राहून मी मामाला देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची एक लांबची वसाहत, दाखवत होतो. मामानं अर्धा मिनिट वर बघितलं आणि सांगून टाकलं, "माले ते काहीच दखास नही." त्याच्या डोक्यात मोबाइलवरचा फोटो होता. त्यात निळसर भुजा होत्या, मधोमध सोनेरी गोळा होता. वर तसलं काहीच नव्हतं. मग त्याला म्हटलं, त्या जागेकडे सरळ बघू नको, जरा बाजूच्या ताऱ्याकडे बघ. थोड्या वेळानं तो ओरडलाच, "हां, दखायना! धूर शे जसा."

धूर हाच शब्द बरोबर आहे. इराणच्या अल-सूफीनं ९६४ सालच्या सुमारास आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात याच ठिपक्याची नोंद 'लहानसा ढग' अशी केली होती. त्यानंतर जवळपास हजार वर्षं माणसाला त्या धुराचा अर्थ लागला नाही. तो लागला तो आणखी झगझगीत काही दिसलं म्हणून नाही. त्याच पुसट उजेडाला नेमके प्रश्न विचारायचं तंत्र सापडलं, म्हणून लागला. या लेखातही तीच वाट धरू. आधी धूर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, मग त्याला एकेक प्रश्न विचारायचा.

दोन शब्दांचा घोळ आधी मिटवू. आपण जिच्यात राहतो ती आकाशगंगा. तिच्यासारख्या ताऱ्यांच्या इतर प्रचंड वसाहती त्या दीर्घिका. आकाशगंगाही एक दीर्घिकाच, फक्त ती आपली, म्हणून तिला घरचं नाव.

रात्र निवडा

देवयानीसाठी ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतचा काळ घ्या. पावसाळ्यात धूळ धुऊन निघालेली असते आणि धुक्याचा त्रास आपल्याकडे फारसा नसतो. अमावस्येच्या आगेमागे पाच-सहा दिवस धरा. दिवाळीची अमावस्या मात्र सोडा. ती तिथीनं अंधारी असली तरी गावभर रोषणाई आणि फटाक्यांचा धूर असतो. त्यापुढची, कार्तिकाची अमावस्या सगळ्यात चांगली.

नोव्हेंबरच्या मध्याला देवयानी दीर्घिका रात्री साडेनऊच्या सुमारास सर्वांत उंच येते. दर महिन्याला ही वेळ दोन तास अलीकडे सरकते, म्हणजे डिसेंबरच्या मध्याला साडेसात. खानदेश साधारण २१ अंश अक्षांशावर आहे आणि देवयानी दीर्घिका खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत ताणलं तर पडेल ती रेघ) ४१ अंश उत्तरेला. त्यामुळे ती उत्तरेकडे जवळजवळ ७० अंश चढते. डोक्यावरच म्हणा. क्षितिजाजवळची धूळ, केळीच्या बागा, समोरचा डोंगर, यातलं काहीही आड येत नाही.

जागा निवडा

इथे लोक सरसकट चुकतात. 'अंधारी जागा' एवढंच बघतात, शहराचा उजेड कोणत्या दिशेला पडतो ते बघत नाहीत. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी उभे राहिलात तर उत्तरेला डोंगर आणि अंधार, पण दक्षिणेला जळगाव-भुसावळ आणि दीपनगरच्या औष्णिक केंद्राचा उजेड. देवयानीला ही जागा उत्तम. पण आकाशगंगेचा मध्यभाग दक्षिणेकडे असतो. तो बघायचा तर उलटा विचार करा. चाळीसगावच्या दक्षिणेला पाटणादेवीच्या बाजूला गेलात की शहराचा उजेड पाठीमागे उत्तरेला राहतो. नंदुरबारकरांना तोरणमाळ आहेच. उंची हजार मीटरच्या वर, हवा स्वच्छ. धुळेकरांनी लळिंगच्या घाटात थांबण्याऐवजी महामार्गापासून आत, साक्रीच्या पश्चिमेला जावं. घाटात ट्रकांचे दिवे डोळ्यांना उसंत देत नाहीत.

पाटणादेवी आणि यावलचं जंगल अभयारण्यात येतं. रात्री तिथे असंच घुसता येत नाही, आणि बिबट्याला तुमच्या छंदाशी काही घेणंदेणं नाही. अभयारण्याच्या बाहेरचं ओळखीच्या माणसाचं शेत गाठा. पाटणचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकतो. इथल्या तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या ग्रंथांत दीर्घिका नाहीत, ग्रहगणित आहे. तरी आकाशाचा हिशेब मांडण्याची खानदेशातली परंपरा आठशे वर्षांहून जुनी आहे, हे दुर्बिणीची पेटी उघडताना आठवलं की बरं वाटतं.

डोळे तयार करा

अंधारात निदान वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास बसा. मोबाइल खिशात. एकदा स्क्रीन बघितली की घड्याळ परत शून्यावर. टॉर्च लागणारच, तर काचेवर लाल जिलेटीनचा कागद दोन घड्या करून रबरानं बांधा.

आता मामाला सांगितलेली युक्ती. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध रंग ओळखणाऱ्या पेशी दाटीनं असतात, पण मंद उजेडाला त्या कुचकामी. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी कडेला असतात. म्हणून पुसट वस्तू बघायची तर नजर तिच्या शेजारी ठेवायची. मंद उजेड टिपणाऱ्या पेशींना रंग कळत नाहीत, त्यामुळे दीर्घिका राखाडीच दिसणार. फोटोतले रंग कॅमेऱ्यानं तासन्‌तास उजेड साठवून आणलेले असतात.

ठिपक्यापर्यंत चाला

डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन शोधा. हा महाश्वाचा चौकोन. पंचांगवाल्यांच्या भाषेत पूर्वा भाद्रपदा आणि उत्तरा भाद्रपदा या दोन नक्षत्रांचे चार तारे. आतली जागा जवळजवळ रिकामी दिसते, त्यामुळे ओळखायला सोपा.

चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून निघा. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे १० अंश झाकते. ईशान्येच्याच दिशेनं दीड मूठ पुढे जा. वाटेत एक मध्यम तारा लागेल, मग एक ठळक, किंचित तांबूस तारा येईल. हा मिराक. इथे वळायचं, उत्तरेकडे, शर्मिष्ठेच्या दिशेनं. शर्मिष्ठा म्हणजे उत्तरेला इंग्रजी एम अक्षरासारखे मांडलेले पाच तारे. मिराकपासून त्या बाजूला दोन मंद तारे ओळीनं लागतात. दुसऱ्या ताऱ्याच्या अगदी शेजारी, मिराकपासून मुठीपेक्षा थोडं कमी अंतरावर, धूर आहे.

देवयानी आणि शर्मिष्ठा शेजारी आणि ययातीही पलीकडे, अशी नावं आपल्या लोकांनी मोठ्या मजेनं दिली आहेत.

पहिल्या रात्री नाही दिसला तर निराश होऊ नका. साधी १०×५० ची (दहा पट, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण, असेल तर तिच्यातून लगेच सापडतो आणि लांबट असल्याचं कळतं. चांगल्या अंधारात कडा आणखी पसरतात. फोटोत त्याची लांबी सुमारे ३ अंश भरते, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीनं ठेवले तर जेवढी. डोळ्याला दिसतो तो फक्त मधला उजळ गाभा.

पहिला प्रश्न: किती लांब?

उत्तर आधी सांगतो, २५ लाख प्रकाशवर्षं. प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. तुमच्या डोळ्यात शिरलेला उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. हे कळलं कसं, ते खरं समजून घेण्यासारखं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

शेतात दूरवर एक बल्ब दिसतो. तो किती लांब आहे? बल्ब किती वॉटचा हे माहीत नसेल तर सांगता येत नाही. जवळचा मिणमिणता आणि लांबचा दणकट बल्ब सारखेच दिसू शकतात. पण शंभर वॉटचा आहे हे कळलं, तर हिशेब सोपा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, तिप्पट झालं की नववा हिस्सा.

ताऱ्यांचे वॉट कळायची किल्ली हेन्रिएटा लेविट या बाईंनी शोधली. हार्वर्डच्या वेधशाळेत त्या काचेच्या फोटोपट्ट्या तपासायचं काम करत. काही तारे ठरावीक काळानं उजळतात आणि मंद होतात, त्यांना सेफीड म्हणतात. १९१२ साली लेविटनी दाखवून दिलं की ज्या सेफीडची उजळण्या-मंदावण्याची फेरी लांब, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे दिवस मोजले की वॉट कळले.

ऑक्टोबर १९२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून एडविन हबलनं आपल्या देवयानीचाच फोटो घेतला. त्यात एक नवा तारा दिसला असं वाटून त्यानं खूण केली. जुन्या पट्ट्यांशी ताडून बघितल्यावर खूण खोडली आणि शेजारी लिहिलं, 'बदलता तारा', पुढे उद्गारचिन्ह. त्याची फेरी सुमारे ३१ दिवसांची निघाली. एवढ्या लांब फेरीचा तारा हजारो सूर्यांइतका तेजस्वी असायला हवा आणि दिसत तर होता अतिशय मंद. हिशेब नऊ लाख प्रकाशवर्षांच्या घरात गेला. तीन वर्षं आधी, एप्रिल १९२० मध्ये, वॉशिंग्टनला शॅप्ली आणि कर्टिस या दोन खगोलशास्त्रज्ञांचा जाहीर वाद झाला होता. हे धुरकट ठिपके आकाशगंगेच्या आतले ढग, की बाहेरची स्वतंत्र जगं? एका ताऱ्यानं तो निकाली काढला: एवढ्या लांब म्हणजे आकाशगंगेच्या बाहेरच.

तुमच्या लक्षात आलं असेल, हबलचे नऊ लाख आणि आजचे पंचवीस लाख यांचा मेळ बसत नाही. हबलची पद्धत बरोबर होती, पण सेफीड दोन जातींचे असतात हे त्याला माहीत नव्हतं. ते वॉल्टर बाडेनं शोधलं. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅकआउट होता. त्या अंधारात त्याला देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे दिसले आणि ताऱ्यांच्या दोन पिढ्या वेगळ्या काढता आल्या. १९५२ मध्ये त्यानं अंतर एका झटक्यात दुप्पट केलं. आमच्याकडे लाईट गेली की सगळे महावितरणच्या नावानं बोटं मोडतात. मी त्या वेळी घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, जातो.

दुसरा प्रश्न: केवढी आणि कशी?

खापरावरची पुरणपोळी डोळ्यांपुढे आणा. दोन फुटांची, पातळ. आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आणि तिची मुख्य चकती हजारेक प्रकाशवर्षं जाड, म्हणजे शंभरास एक. प्रमाण जवळपास पोळीचंच. फक्त मधोमध पुरणाचा गोळा नीट पसरला गेला नाही, असं समजा. त्या फुगवट्याच्या आत सूर्याच्या सुमारे चाळीस लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. आपण मध्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, पोळीच्या पिठातच. म्हणून आपल्याला आपली पोळी कडेनं, पट्ट्यासारखी दिसते.

याच मापानं देवयानी म्हणजे शेजारच्या अंगणात, पन्नासेक फुटांवर ठेवलेली थोडी मोठी पोळी. दीर्घिका एकमेकींच्या तशा जवळ असतात. तारे मात्र नाहीत. सूर्याला ज्वारीचा तीन मिलिमीटरचा बारीक दाणा केला तर सगळ्यात जवळचा तारा जळगावहून थेट धुळ्याजवळ जातो. म्हणून दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या तरी ताऱ्यावर तारा आपटत नाही. देवयानी आणि आकाशगंगा यांची टक्कर चार-पाचशे कोटी वर्षांनी नक्की, असं बरीच वर्षं छापलं जायचं. २०२५ मध्ये नव्यानं केलेल्या हिशेबात येत्या हजार कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मी-निम्मी निघाली.

आकारावरून हबलनं तीन ढोबळ घरं पाडली. भुजा असलेल्या सर्पिल (काहींच्या मधून आडवा दांडा जातो, आपलीही तशीच), लंबवर्तुळाकार, आणि कशातच न बसणाऱ्या अनियमित. सर्पिलांत वायू शिल्लक असतो, नवे तारे जन्मतात, म्हणून भुजा निळसर. लंबवर्तुळाकारांत बहुतेक म्हातारे, तांबूस तारे. आपल्याजवळच्या दोन प्रसिद्ध लहान दीर्घिका, मॅजेलनचे मेघ, खानदेशातून दिसत नाहीत. त्या आपल्या दक्षिण क्षितिजाच्या वर येतच नाहीत म्हणा ना.

तिसरा प्रश्न: कुठे चाललीस?

जुनी सीडी घ्या. तिच्यात पिवळ्या बल्बचं प्रतिबिंब तिरपं धरून बघा, रंगांचा सलग पट्टा दिसेल. आता सीएफएलचं बघा, सुटे सुटे रंग दिसतील. कोणता वायू उजेड देतोय ते त्या सुट्या रेघांवरून कळतं. याला वर्णपट म्हणतात, आणि दीर्घिकांच्या अभ्यासातलं अर्ध्याहून जास्त काम वर्णपटावरच चालतं, फोटोवर नाही.

हायड्रोजनची एक तांबडी रेघ प्रयोगशाळेत ६५६.३ नॅनोमीटरवर असते. दीर्घिका लांब जात असेल तर रेघ तांबड्या टोकाकडे सरकते, जवळ येत असेल तर निळ्याकडे. १९१२ मध्ये व्हेस्टो स्लायफरनं देवयानीचा वर्णपट घेतला आणि ती सेकंदाला ३०० किलोमीटरनं आपल्याकडे येतेय असं निघालं. म्हणजे वरची रेघ फक्त दोन-तृतीयांश नॅनोमीटर सरकणार. एवढं मोजायला त्यानं रात्रीमागून रात्री उजेड साठवला.

आता वहीत स्वतः करून बघा. एका लांबच्या दीर्घिकेत ही रेघ ६६९.४ वर सापडली. सरकली १३.१. त्याला ६५६.३ नं भागा, ०.०२ आलं. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, त्याचे ०.०२ म्हणजे ६००० किलोमीटर, एवढ्या वेगानं ती लांब जातेय. हबलनं १९२९ मध्ये मांडलेला नियम असा की जितकी लांब, तितका वेग जास्त. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे साधारण ७० किलोमीटर वेग वाढतो. ६००० ला ७० नं भागून ३२.६ लाखांनी गुणा. उत्तर सुमारे २८ कोटी प्रकाशवर्षं.

हा ७० चा आकडा मात्र पक्का नाही. विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशावरून काढला तर ६७ च्या आसपास येतो, सेफीड आणि स्फोट होणाऱ्या ताऱ्यांवरून काढला तर ७३ च्या आसपास. तज्ज्ञांत यावरून सध्या चांगली जुंपली आहे. आणि हा नियम देवयानीला लावू नका. ती इतकी जवळ आहे की गुरुत्वाकर्षणाची ओढच जिंकते.

चौथा प्रश्न: तुझं वजन किती?

खळ्यावर मळणीला बैलांची पात चालायची तेव्हा खांबाजवळचा बैल जागच्या जागी वळायचा आणि कडेच्याला पळावं लागायचं, कारण सगळे एका दोरात. सूर्यमालेत उलटं असतं. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, नेपच्यून जेमतेम साडेपाच. वस्तुमान सगळं मधोमध असल्यानं लांबच्याला ओढ कमी.

दीर्घिकेतला उजेडही मधोमध दाटलेला असतो. मग कडेचे तारे सावकाश हवेत. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानीच्या वेगवेगळ्या भागांचे वर्णपट घेऊन १९७० मध्ये वेग प्रसिद्ध केले. ते कडेला कमी होतच नव्हते. म्हणजे न दिसणारं, पण ओढ लावणारं काहीतरी बाहेरपर्यंत पसरलेलं असणार. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलंय ते अजून सापडलेलं नाही, पण विश्वात ते नेहमीच्या द्रव्याच्या पाचपट असल्याचं हिशेब सांगतात.

तारे संपतात तिथेही वेग मोजायचा तर हायड्रोजन वायूकडे वळावं लागतं. तो २१ सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण एका वितीच्या, रेडिओ लहरी सोडतो. त्या पकडणारी जगातली एक मोठी दुर्बीण आपल्याच राज्यात, जुन्नर तालुक्यात खोडदला आहे. जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उतरायचं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरतं. शाळेची सहल काढायची असेल तर ही काढा.

आता तुमची पाळी

दुर्बीण घ्यायची घाई करू नका. मी पहिली घेतली ती खोक्यावर '५२५ पट' छापलेली बघून. तिच्यातून देवयानी आधी होती त्याहून पुसट दिसली. पट वाढवले की तोच उजेड जास्त जागेत पसरतो. दीर्घिकेला हवं असतं रुंद भिंग आणि कमी पट. आधी द्विनेत्री, मग जमलं तर सहा किंवा आठ इंच आरशाची दुर्बीण.

इंटरनेट असेल तर गॅलॅक्सी झू हा प्रकल्प उघडा. २००७ पासून चालू आहे. दीर्घिकांचे खरे फोटो समोर येतात आणि तुम्ही सांगायचं, भुजा आहेत का, दांडा आहे का. हॉलंडच्या हॅनी फान आर्केल या शाळेतल्या शिक्षिकेला पहिल्याच वर्षी त्यात एक निळसर ढग दिसला, तो आजही तिच्या नावानं ओळखला जातो.

आणि एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, चंद्र, धूळ, आणि जे दिसलं त्याचं पेन्सिलीनं चित्र. देवयानी जमली की मिराकच्या दुसऱ्या बाजूला, साधारण तेवढ्याच अंतरावर, त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही दीर्घिका द्विनेत्रीनं शोधा. ती सोपी नाही, माझ्या वहीत तिच्यापुढे चार वेळा 'नाही' लिहिलेलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळनंतर सप्तर्षींजवळ एम ८१ आणि एम ८२ ही दीर्घिकांची जोडी, सव्वा कोटी प्रकाशवर्षांवर, छोट्या दुर्बिणीतून एकाच वेळी दिसते. मेमध्ये, उकाड्यानं धाब्यावर झोपायला गेलात की पहाटे दोन-तीनला एकदा उठा आणि दक्षिणेकडे बघा. वृश्चिकाच्या नांगीच्या डाव्या बाजूला, धनूत, आकाशगंगेचा पट्टा सगळ्यात जाड असतो. तो पुरणाचा गोळा. जूनपासून ढग येतात, मग तो दिसायला ऑक्टोबरची संध्याकाळ उजाडते आणि तेव्हा तो पश्चिमेकडे मावळायच्या घाईत असतो.